टक फ्रंट लिव्हर पाच सेकंदांवर का अडतो आणि तिथून पुढे कसं जायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६, वजन ६५ किलो, रोज १०० जोर आणि २०० बैठका, सलग ८ पुलअप. सहा महिने फ्रंट लिव्हरचा, म्हणजे बारला लटकून शरीर आडवं धरण्याचा, सराव चालू आहे, पण गुडघे छातीशी घेतलेला टक प्रकार ५ सेकंदांच्या पुढे सरकत नाही. मसल-अपही, म्हणजे बारखालून ओढत थेट बारच्या वर सरळ हातांवर जाणं, यायला हवा आहे. आठवड्यातले सहा दिवस बारवर लटकणं होतं आणि गेला महिनाभर उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय.

सुरुवात कोपरापासून करू, कारण ते बरं झाल्याशिवाय बाकीच्या सल्ल्याचा उपयोग नाही. कोपराच्या आतल्या बाजूला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे मूठ आवळणाऱ्या आणि मनगट आत वळवणाऱ्या स्नायूंचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, चिकटलेला असतो. बारवर रोज लटकलं की त्याला रोज ताण बसतो. स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतो. कंडऱ्याचा रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तो हळू सावरतो आणि हळूच बळकट होतो. सहा महिन्यांत पाठीची ताकद वाढली, पण कंडरा त्या वेगाने वाढला नाही. दुखणं इथून आलंय.

पूर्ण विश्रांती घेऊ नका. नुसतं थांबलं की दुखणं कमी होतं आणि बारवर परत गेल्यावर आठवड्याभरात पुन्हा उभं राहतं. पहिले तीन आठवडे ओढण्याचा एकूण व्यायाम निम्म्यावर आणा आणि बारवर आठवड्यातून दोनच दिवस जा. तळहात स्वतःकडे करून मारायचे चिनअप बंद ठेवा. तळहात समोरासमोर येतील अशी पकड मिळाली तर उत्तम, टांगलेल्या जिम्नॅस्टिक रिंगवर ती आपोआप मिळते. सोबत एक दिवसाआड हे करा: हात मांडीवर किंवा टेबलावर टेकवा, तळहात वर, हातात २ ते ३ किलोचं डंबेल किंवा पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली. दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर उचला, मग मदत सोडून चार-पाच सेकंदांत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, असे तीन सेट. करताना किंचित दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसावं. वाढलं असेल तर वजन कमी करा. करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर प्रकरण नसेचं असू शकतं. तेव्हा घरगुती उपाय न करता अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट गाठा.

आता मूळ अडचण. फ्रंट लिव्हर म्हणजे सरळ हातांनी बारला लटकून अख्खं शरीर जमिनीला समांतर, छाती आकाशाकडे. यात वजन तेवढंच राहतं, बदलतं ते वजनाचं खांद्यापासूनचं अंतर. ६५ किलोच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून साधारण २१ किलोचे असतात. पाय सरळ असताना त्या २१ किलोंचा मध्य खांद्यापासून ८५ सेंटीमीटरच्या आसपास पडतो. गुडघे छातीशी घेतले की तो ३५ ते ४० सेंटीमीटरवर येतो. धडाचा भार दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच. हा हिशोब मांडला आणि पूर्ण लिव्हरला १०० धरलं, तर टक साधारण ६० वर बसतो. पाठ सपाट करून मांड्या काटकोनात उभ्या ठेवल्या की तो प्रगत टक, सुमारे ७०. एक पाय सरळ आणि एक दुमडलेला, सुमारे ८०. दोन्ही पाय सरळ पण फाकवलेले, म्हणजे स्ट्रॅडल, ९० च्या जवळ. उंची, पायांची लांबी आणि पाय किती फाकतात यानुसार हे आकडे पाच-सात इकडेतिकडे होतील, पण क्रम आणि पायऱ्यांची उंची कळायला एवढे पुरेत.

या आकड्यांवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, टक ही काही सोपी सुरुवात नाही. पूर्ण लिव्हरच्या साठ टक्के भाराने ती सुरू होते आणि ८ पुलअपच्या ताकदीला तो भार जेमतेम पेलतो. म्हणून तुमचे ५ सेकंद. दुसरी, पायरी चढताना भार साधारण दहाने वाढतो, आणि दहा टक्के ही बारवरची मोठी वाढ आहे. टक १० सेकंद आला म्हणून लगेच एक पाय सरळ करून बघणारे बरेच असतात. मग कोपर वाकतं, कंबर खाली लोंबते आणि शरीराला तीच चुकीची आकृती पाठ होते. तालमीत मल्लखांब शिकवताना अढी, म्हणजे खांबाला पायांनी घातलेली पकड, घट्ट बसल्याशिवाय पुढच्या उडीला हात घालू देत नाहीत. इथेही तीच शिस्त हवी, आणि इथे ती लावायला शेजारी वस्ताद नसतो, मोबाइलचा कॅमेरा असतो. तो बाजूने, खांद्याच्या उंचीवर लावा. प्रत्येक आठवड्याला एक सेट टिपा.

व्हिडिओत तीन जागा बघायच्या. कोपर: पूर्ण सरळ आहे का. अर्धवट वाकलेल्या कोपराने धरलेले १५ सेकंद मोजायचे नाहीत, कारण सरळ हाताची ताकद ही वेगळी गोष्ट आहे आणि ती सरळ हातानेच येते. खांदे: कानांपासून लांब, खाली ओढलेले. लटकताना खांदे कानाला चिकटलेले असतील तर पाठीचे मोठे स्नायू कामालाच लागत नाहीत, सगळं ओझं सांध्यावर पडतं. तिसरी जागा कंबर. टकमध्ये कंबर खांद्याच्या रेषेत हवी. बहुतेकांची ती एक वीतभर खाली असते आणि गुडघे वर दिसतात म्हणून आपण समांतर आहोत असं वाटतं.

खांदे खाली ओढणं वेगळं शिकावं लागतं. बारला सरळ लटका, खांदे कानांपर्यंत येऊ द्या. आता कोपर अजिबात न वाकवता छाती थोडी वर आणा, जणू मान लांब करायची आहे. शरीर फक्त चार-सहा सेंटीमीटर वर येतं. वर दोन सेकंद थांबा, सावकाश सोडा. १० वेळा, तीन सेट, प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला. हे नीट जमलं की लिव्हरमध्ये एकच सूचना मनात ठेवायची: हात सरळ ठेवून बार कमरेकडे दाबायचा. पाय वर उचलायचा विचार केला की पोट दमतं आणि पाठ झोपून राहते. बार खाली दाबायचा विचार केला की शरीर आपोआप वर येतं.

जमिनीवरचा जोडव्यायामही लागेल. सतरंजीवर उताणे झोपा, कंबर जमिनीला इतकी चिकटवा की खाली बोटसुद्धा सरकू नये, मग हात डोक्यामागे सरळ आणि पाय एक वीत वर. ३० सेकंद, चार वेळा. कंबर सुटली की सेट तिथेच संपला. हे ४० सेकंदांवर गेलं की पोटाची तक्रार उरत नाही. पुढे फ्रंट लिव्हर अडला तर तो पाठीवर अडतो, पोटावर नाही. त्यामुळे तासभर पोटाचे व्यायाम करत बसू नका.

बारवरचं वेळापत्रक असं ठेवा. सोमवारी आणि गुरुवारी लिव्हर, अंग गरम झाल्यावर सगळ्यात आधी, दमण्यापूर्वी. जेवढं जास्तीत जास्त धरता येतं त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा. तुमच्या बाबतीत ३ सेकंद, आठ वेळा, मध्ये दीड ते दोन मिनिटं थांबून. एकूण २४ सेकंद झाले. हे फार कमी वाटेल. पण प्रत्येक ३ सेकंद शुद्ध असतील तर दोन-तीन आठवड्यांत तोच भार ४ सेकंदांचा होतो. एकूण वेळ हळूहळू ४५ ते ६० सेकंदांवर न्यायचा, त्यापुढे नाही. त्यानंतर उलट्या दिशेने येणारे सेट: बारला उलटं लटका, डोकं खाली, गुडघे छातीशी, आणि सरळ हातांनी चार सेकंदांत समांतरपर्यंत उतरा. तीन वेळा, तीन सेट. शेवटी टक अवस्थेतच कोपर वाकवून बार कमरेकडे ओढायचा, ५ वेळा, तीन सेट. कोपर दुखत असेपर्यंत हा शेवटचा प्रकार गाळा.

टक १५ सेकंद, तीन वेळा, व्हिडिओत स्वच्छ दिसला की प्रगत टक घ्या. तिथेही तोच नियम. प्रगत टकवर लोक सगळ्यात जास्त काळ राहतात, तीन-चार महिनेही जातात, आणि तिथे घाई करू नये, कारण सपाट पाठीची सवय इथेच लागते. मधल्या पायऱ्या मोठ्या वाटल्या तर रबरी बँड बारला अडकवून कमरेखाली घ्या आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पातळ बँड वापरा. दर पाचव्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणायचं. त्या आठवड्यात ताकद चांगली वाटत असते आणि नेमका तेव्हाच मोह होतो. तो आवरा, तो आठवडा कंडऱ्यांसाठी आहे.

लिव्हर आणि मसल-अप या दोन्हींना एकच पाया लागतो, तो म्हणजे वजन लावून पुलअप. ८ पुलअप ही संख्या दोन्हींना कमी पडते. पण ८ वरून २० करायच्या मागे लागू नका, १२ शुद्ध पुलअप झाले की पाठीवर वजन घ्या. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या की चालतं, एक लिटर म्हणजे एक किलो, मोजायला सोपं. सॅक छातीला घट्ट बांधलेली हवी, झुलली की खांदा ओढला जातो. ५ किलोपासून सुरू करा, ५ वेळा, पाच सेट, अडीच-तीन मिनिटं विश्रांती. पाचही सेट पूर्ण झाले की पुढच्या वेळी एक ते दीड किलो वाढवा. शुद्ध पुलअप म्हणजे खाली हात पूर्ण सरळ, वर हनुवटी स्पष्ट बारच्या वर, पाय न झाडता. १५ ते २० किलो लावून ५ पुलअप येऊ लागले की मसल-अपसाठी लागणारी ओढ साधारण तयार झाली असं समजा.

रोजच्या १०० जोरांचं आणि २०० बैठकांचं काय, हेही विचारलंय. जोर हा खांदा, छाती आणि पाठीचा कणा एकत्र हलवणारा सुंदर व्यायाम आहे, तो सोडायचं काही कारण नाही. पण सलग ३० जोर ज्याला सहज येतात त्याला ७० आणखी मारून दम वाढतो, ताकद वाढत नाही. ताकदीसाठी एका वेळी ५ ते ८ वेळाच जमेल इतका भार लागतो. म्हणून रोज ३० जोर अंग गरम करायला ठेवा, आणि मंगळवारी व शुक्रवारी उरलेल्या ७० च्या जागी डबल बारवर डिप्स घ्या, म्हणजे दोन बारांमध्ये हातांवर तोलून कोपर वाकवत खाली-वर होणं. १२ डिप्स झाले की त्यालाही तीच सॅक. बैठकांचंही तसंच: ५० ठेवा आणि एका पायावरची बैठक शिका. सुरुवातीला मागे खुर्ची किंवा कट्टा घेऊन त्यावर बसायचं आणि एकाच पायावर उठायचं, मग कट्ट्याची उंची कमी करत जायचं. टाच उचलली जात असेल तर घोटा आखडलेला आहे. भिंतीसमोर उभं राहा, अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर, टाच टेकलेली, आणि गुडघा भिंतीला लागतो का बघा. लागत नसेल तर रोज दोन मिनिटं तोच ताण द्या आणि तोपर्यंत टाचेखाली फळी घ्या. पाय जड झाले तर लिव्हर अवघड जातो म्हणून पायांचा व्यायाम टाळणारे भेटतात. तसं करू नका. मांडीवर वाढलेला एखादा किलो पाठीच्या ताकदीने भरून निघतो.

मसल-अप. यात ताकदीपेक्षा वाट चुकल्यामुळे जास्त लोक अडतात. पुलअपमध्ये शरीर सरळ वर जातं. मसल-अपमध्ये तसं गेलं तर हनुवटी बारशी येते, पुढे बार छातीला आडवा येतो आणि सगळं थांबतं. शरीर बारच्या किंचित मागून, वक्र रेषेत वर यायला हवं. लटकल्यावर पाय थोडे पुढे न्या, शरीर थोडं मागे झुकलेलं ठेवा आणि बार हनुवटीकडे न ओढता छातीच्या खालच्या टोकाकडे, पोटाच्या दिशेने ओढा, जमेल तितक्या वेगाने. अंगठा बारच्या वर, बाकीच्या बोटांच्या बाजूला ठेवा, म्हणजे मनगट वळायला मोकळं राहतं.

सरावाचे तीन भाग. एक, छातीचं खालचं टोक बारला लागेल इतके उंच पुलअप, ३ वेळा, पाच सेट, प्रत्येक वेळी वेगाने. दोन, छातीच्या उंचीचा बार शोधा. पाय जमिनीवर ठेवून बारखाली बसकण घ्या आणि पायांची थोडी मदत घेत ओढ ते ढकल हा मधला टप्पा पुन्हा पुन्हा करा. दोन्ही कोपरं एकदमच वर यायला हवीत. इथे पाच मिनिटं दिली की उंच बारवरचे कित्येक फसलेले प्रयत्न वाचतात. तीन, बारच्या वरून खाली येणं: वर सरळ हातांनी उभे, तीन सेकंदांत छाती बारपर्यंत, मग मधला टप्पा पाच सेकंदांत, मग लटकणं. हा तिसरा भाग कंडऱ्यावर जड असतो. एका दिवसात ६ पेक्षा जास्त नको, आणि तुम्ही तर कोपर पूर्ण शांत झाल्यावरच घ्या.

सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे आधी एक कोपर वर घालायचं आणि मग दुसरं ओढून आणायचं. मसल-अप होतो, पण दरवेळी एकाच खांद्यावर सगळं वजन वाकडं पडतं. पहिला मसल-अप असा आला तर तो मोजू नका, बँड लावून पुन्हा दोन्ही कोपरांवर या. रिंगवर सावकाश मसल-अप हवा असेल तर मनगट रिंगवर चढवलेली पकड शिकावी लागते. त्यात मनगटाची कातडी सोलवटते आणि आतल्या कोपरावर ताण बराच वाढतो, म्हणून तुम्ही आधी बारवरचाच घ्या.

मुदतीबद्दल माझं मत: ६५ किलो आणि ८ पुलअप या ठिकाणाहून, कोपर बरं झाल्यावर, बारवरचा स्वच्छ मसल-अप यायला पाच ते आठ महिने. पूर्ण फ्रंट लिव्हरला एक ते दोन वर्षं. उंची सहा फुटांच्या जवळ असेल तर जास्त, कारण पायांचा मध्य आणखी लांब जातो. प्लांशचा, म्हणजे सरळ हातांवर अख्खं शरीर जमिनीला समांतर तोलायचा, विचार सध्या बाजूला ठेवा. त्यात मनगट आणि कोपराच्या पुढच्या बाजूचा कंडरा दोन्हींवर ताण येतो. तयारी म्हणून पुशअपच्या स्थितीत, सरळ कोपरांनी, खांदे मनगटाच्या पुढे वीतभर झुकवून २० सेकंद धरणं पुरे आहे. ते शुक्रवारी चार वेळा करा आणि मनगट दुखत असेल तर तळहात जमिनीवर न ठेवता पुशअप बारवर घ्या.

खाण्याबद्दल फार लांबण लावत नाही. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला रोज शंभरेक ग्रॅम. नुसत्या वरण-भात-पोळीने हा आकडा गाठत नाही. शाकाहारी असाल तर १०० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत पन्नासच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास मिळतात. अंडी खात असाल तर एकात सहा. बाकी डाळी, हरभरे, दही, ताक. वजन कमी करून लिव्हर सोपा करायच्या नादात उपाशी राहिलात तर कोपर सावरणार नाही.

शेवटी बार, कारण यात बऱ्याच जणांची फसगत होते. बागेतल्या ओपन जिमचे बार पुष्कळदा इतके जाड असतात की बोटं पूर्ण वळत नाहीत, आणि पकड टिकवायला मूठ जास्त आवळावी लागते. तुमच्या कोपराला नेमकं तेच नको आहे. २८ ते ३४ मिलिमीटर जाडी हाताला बरी बसते. गॅरेजमध्ये किंवा गच्चीवर बसवायचा असेल तर फॅब्रिकेटरकडून एक इंची जीआय पाइप घ्या, त्याचा बाहेरचा व्यास सुमारे ३३ ते ३४ मिलिमीटर येतो. सव्वा इंची घेतलात तर तो ४२ वर जातो. पाइप ए क्लासचा हलका नको, बी किंवा सी क्लासचा घ्या, आणि दोन आधारांमधलं अंतर चार फुटांच्या आत ठेवा, नाहीतर मसल-अपच्या झटक्याला तो लवतो. दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट करायचे बार साध्या लटकण्यापुरते ठीक, लिव्हर आणि मसल-अपला अजिबात नकोत. उंची अशी हवी की उलटं लटकल्यावर डोक्याखाली निदान दोन फूट मोकळे राहतील. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हात घसरतो, त्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड वापरा, फळ्याच्या खडूने ते काम होत नाही. आणि बार बसवून झाल्यावर पहिल्या दिवशी स्वतः लटकण्याआधी सिमेंटची दोन पोती, म्हणजे १०० किलो, मजबूत दोरीने बांधून रात्रभर लटकवून ठेवा. सकाळी भिंतीतल्या बोल्टभोवती केसाएवढीही चीर दिसली तर त्या बारवर चढू नका, बोल्ट दुसऱ्या जागी घ्या.